फक्त आराखड्याची फी

कोलंबस नावाची गावं अमेरिकेत पैशाला पासरी आहेत. त्यांतलं सगळ्यांत मोठं म्हणजे ओहायो राज्याची राजधानी, आणि नुसतं कोलंबस म्हटलं की बहुतेकांना तेच आठवतं. इथे बोलायचं आहे ते इंडियाना राज्यातल्या कोलंबसबद्दल. इंडियानापोलिसच्या दक्षिणेला साधारण सत्तर किलोमीटरवर, मका आणि सोयाबीनच्या सपाट शेतांमध्ये वसलेलं, 2020च्या जनगणनेत 50,474 वस्तीचं हे गाव. बार्थोलोम्यू काउंटीचं कचेरीचं ठिकाण; आपल्या हिशेबात एखादं तालुक्याचं गाव. तरीही 1991 साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सच्या सदस्यांनी वास्तुकलेच्या गुणवत्तेवरून देशातल्या शहरांची क्रमवारी लावली, तेव्हा शिकागो, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, बोस्टन आणि वॉशिंग्टन यांच्यामागोमाग सहाव्या क्रमांकावर हे गाव आलं. याची गोष्ट सहसा एका माणसाची म्हणून सांगितली जाते. एक श्रीमंत, सुसंस्कृत उद्योगपती होता, त्याला चांगल्या इमारतींची हौस होती, त्याने पैसा ओतला आणि गाव नटलं. ही गोष्ट खोटी नाही, पण तिच्यातून मुद्द्याचं तेवढंच निसटतं. पैसेवाल्या रसिकांची अमेरिकेत कधीच वानवा नव्हती; त्यांतल्या बहुतेकांनी आपल्या नावाची संग्रहालयं बांधली. कोलंबस घडलं ते देणगीच्या अटींमुळे, असं माझं म्हणणं आहे. त्या अटी कोरड्या आणि काहीशा कारकुनी होत्या, म्हणूनच कदाचित त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही.

आधी पैसा कुठून आला ते पाहू. क्लेसी कमिन्स हा गावातल्या इर्विन या बँकर कुटुंबाचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक. त्याला डिझेल इंजिनाचं वेड लागलं आणि 1919 साली विल्यम इर्विन यांनी त्या वेडात भांडवल घातलं. पुढची अठरा वर्षं कंपनीने नफ्याचं तोंड पाहिलं नाही. मधल्या काळात 1931च्या इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत कमिन्सची डिझेल गाडी एकदाही न थांबता शेवटपर्यंत धावली. नाव झालं, पण गल्ला भरला नाही. पहिला नफा 1937 सालचा. तोवर विल्यम इर्विन यांच्या बहिणीचा नातू जे. इर्विन मिलर येल आणि ऑक्सफर्डला शिकून 1934 साली कंपनीत दाखल झाला होता. महायुद्धानंतर ट्रकांचा जमाना आला आणि कमिन्स जगभर पसरली. महाराष्ट्रात हे नाव परकं नाही. 1962 साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही भागीदारीतली कंपनी निघाली, कोथरूडला कारखाना झाला, आणि कर्वेनगरात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज 1991 साली सुरू झालं ते याच नावाने. मिलर 1951 ते 1977 कंपनीचे अध्यक्ष होते. पिढीजात रिपब्लिकन, लॅटिन-ग्रीक वाचणारे, व्हायोलिन वाजवणारे. धर्मगुरू नसूनही अमेरिकेतल्या चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष झालेले पहिले गृहस्थ, आणि त्या पदावरून नागरी हक्कांच्या कायद्यासाठी झटलेले. ‘एस्क्वायर’ मासिकाने 1967 साली त्यांना मुखपृष्ठावर झळकवून राष्ट्राध्यक्षपदासाठी सुचवलं होतं. अशा माणसाची कहाणी रंगवून सांगायचा मोह होतो, पण आपल्याला जायचंय शाळांच्या बांधकामाकडे.

युद्धानंतर घरोघर पाळणे हलले, कारखाना वाढला, बाहेरून कामगार आले, आणि शाळा मंडळाला दर दोन-चार वर्षांनी नवी शाळा बांधायची पाळी आली. घाईत बांधलेल्या शाळा ठोकळेबाज आणि तकलादू निघाल्या. मिलरना दुहेरी चिंता होती. एक तर गावातली मुलं तिथे शिकणार होती. दुसरं म्हणजे चांगल्या विद्यापीठांतून बाहेर पडलेल्या इंजिनिअरांना मक्याच्या शेतांत राहायला यायला सांगायचं तर त्यांच्या बायका-मुलांना दाखवायला काहीतरी हवं. शिकागोचे हॅरी वीज यांनी आखलेली लिलियन श्मिट प्राथमिक शाळा 1957 साली उभी राहिली. तिच्या आराखड्याची फी कमिन्स फाउंडेशनने भरली. त्यातून पुढे कायमचा प्रस्ताव तयार झाला. सार्वजनिक इमारत बांधायची असेल तर वास्तुरचनाकाराची फी फाउंडेशन देईल. वास्तुरचनाकार मात्र फाउंडेशनने दिलेल्या यादीतून निवडायचा. ही यादी गावाबाहेरचे, या व्यवहारात काही हितसंबंध नसलेले नामवंत वास्तुतज्ज्ञ तयार करणार. यादीतला कोण घ्यायचा ते ज्यांची इमारत त्यांनी ठरवायचं. बांधकामाचा सगळा खर्च मंडळाच्या नेहमीच्या पैशातून, म्हणजे करदात्यांच्या खिशातून. प्रस्ताव कुणावर बंधनकारक नाही. एवढंच.

यातली गोम फीच्या आकड्यात आहे. इमारतीच्या एकूण खर्चात आराखड्याची फी म्हणजे साधारण दहा टक्क्यांच्या आतबाहेरची रक्कम. सरकारी कामात काटछाट करायची म्हटलं की पहिली कुऱ्हाड इथेच पडते, कारण आराखड्यावर खर्च केलेला पैसा उद्घाटनाच्या दिवशी दिसत नाही. सिमेंट दिसतं, लोखंड दिसतं, कोनशिला तर दिसतेच दिसते. त्यामुळे नगरपालिका ओळखीचा, स्वस्तातला माणूस गाठते आणि मग पुढची पन्नास वर्षं अंधारे वर्ग, गळकी छपरं, अवघडलेले जिने वापरत बसते. मिलर यांचा युक्तिवाद हाच होता की सुमारपणा शेवटी महागात पडतो. फाउंडेशनने बरोबर त्या एका दुबळ्या जागी पैसा लावला आणि बाकीच्या व्यवहाराला हात लावला नाही. इमारतीचे नव्वद टक्के पैसे गावानेच भरलेले, त्यामुळे ती गावाचीच राहिली. मंडळाचे सभासद वास्तुरचनाकारांना बोलावून मुलाखती घेत, त्यांची आधीची कामं बघत, प्रश्न विचारत, आणि आपल्या अंदाजपत्रकात बसवून मागत. न्यूयॉर्कचा कितीही मोठा माणूस असो, बार्थोलोम्यू काउंटीच्या शाळा मंडळापुढे त्याला साध्या उमेदवारासारखं बसावं लागे. अशा मुलाखती वर्षानुवर्षं घेतल्यावर माणसांची नजर तयार होते. मला वाटतं, गावाला मिळालेली खरी देणगी हीच.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा. कोलंबसची म्हणून जी छायाचित्रं जगभर फिरतात, त्यांतल्या बऱ्याच वास्तूंचा या योजनेशी काही संबंध नाही. एलिएल सारिनेन यांचं 1942चं फर्स्ट ख्रिश्चन चर्च योजनेच्या पंधरा वर्षं आधीचं. अमेरिकेतल्या पहिल्या आधुनिक चर्चांपैकी एक असलेली ही वास्तू इर्विन-मिलर घराण्याच्या पुढाकाराने झाली. एलिएल यांचा मुलगा एरो सारिनेन याने 1954 साली बांधलेली इर्विन युनियन बँक घराण्याचीच: खांब, गजांच्या खिडक्या, दबदबा हे सगळं टाकून देऊन काचेच्या भिंतींचं एकमजली दालन, वर नऊ उथळ घुमट. मिलर यांचं 1957चं राहतं घरही एरोचंच; आतली सजावट अलेक्झांडर जिरार्ड यांची, बाग डॅन काइली यांची. म्हणजे हौस असलेला श्रीमंत माणूस हे स्पष्टीकरण या वास्तूंपुरतं अगदी बरोबर आहे. तेवढ्यावरच थांबलं असतं तर कोलंबस म्हणजे चार सुंदर इमारती असलेलं एक कारखान्याचं गाव झालं असतं, आणि अशी गावं अमेरिकेत आणखीही आहेत.

कोलंबस वेगळं आहे ते शाळा, पोस्ट आणि बंबखान्यामुळे. रॉबर्ट व्हेंचुरी यांचं 1967चं अग्निशमन केंद्र क्रमांक 4 पाहा. रस्त्याकडची भिंत पांढऱ्या चकचकीत विटांची, मागच्या इमारतीपेक्षा मुद्दाम उंच चढवलेली. बाजूच्या भिंती मात्र साध्या लाल विटांच्या, आणि ते लपवण्याचा कसलाही प्रयत्न नाही. मधोमध अर्धगोल मनोरा. तो शोभेसाठी उभारलेला नाही. आग विझवून आल्यावर ओले होज पाइप आत उभे टांगून वाळवायला उंची लागते, म्हणून तो आहे. वर ‘4’ हा आकडा, लांबून येणाऱ्या गाडीतूनही वाचता यावा इतका मोठा. एका बाजूला बंब उभे करायची जागा, दुसऱ्या बाजूला जवानांचं स्वयंपाकघर आणि झोपायची खोली. सगळी मिळून एक स्वस्त, कामाची, किंचित मिश्कील इमारत. तिच्यात महागडं असं काही नाही. आहे तो विचार. योजनेतून किंवा तिच्या मदतीने काउंटीत पन्नासहून अधिक इमारती झाल्या, त्यांत रिचर्ड मायर आणि गुन्नार बर्कर्ट्स यांच्या प्राथमिक शाळा आहेत, केव्हिन रोश यांचं 1970चं पोस्ट ऑफिस आहे, आणि डॉन हिसाका यांनी 1990 साली आखलेला काउंटीचा तुरुंगसुद्धा आहे. पोस्ट हे केंद्र सरकारचं खातं. खासगी पैशातून फी भरून आखलेलं देशातलं ते पहिलं पोस्ट मानलं जातं. तुरुंगासाठी चांगला वास्तुरचनाकार शोधावा असं ज्या गावाला वाटतं, तिथे हा विषय हौशीच्या पलीकडे गेलेला असतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. कंपनी आपल्या गावावर पकड ठेवते, त्याचीच ही सभ्य तऱ्हा म्हणायची. नोकऱ्या कंपनीच्या, शाळेची फी कंपनीची, यादीही कंपनीच्या पाकिटातून आलेली. या आक्षेपाला अमेरिकेच्या इतिहासात भरपूर आधार आहे. शिकागोजवळ जॉर्ज पुलमन यांनी 1880च्या दशकात रेल्वे डब्यांच्या कारखान्याभोवती देखणं गाव वसवलं. घरं कंपनीची, दुकानं कंपनीची, चर्चसुद्धा कंपनीचं. मंदी आल्यावर पुलमननी मजुरी कापली, घरभाडं मात्र तसंच ठेवलं, आणि 1894 साली देशभर रेल्वे ठप्प करणारा संप झाला. पुढे इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला ती घरं विकून टाकायला लावली. आपल्याकडे कंपनीचं गाव म्हटलं की लक्ष्मणरावांनी 1910 साली वसवलेली किर्लोस्करवाडी आठवते. तिथली भावना निराळी आणि पुष्कळ आपुलकीची. तरी जमीन-घर-कारखाना एका हातात हा सांगाडा तोच. कोलंबसमध्ये हा सांगाडाच नाही. फाउंडेशनच्या मालकीची एकही शाळा नव्हती, एकही बंबखाना नव्हता. फी भरली की तिचा संबंध संपला. शाळा मंडळावर, नगरपालिकेत कमिन्सची माणसं असणारच, पन्नास हजारांच्या गावात ते टळत नाही. पण कंपनीच्या मर्जीतला वास्तुरचनाकार लादता येऊ नये म्हणूनच यादी बाहेरच्यांनी करायची अट होती, आणि ती अट घालणारा माणूस आपलेच हात बांधून घेत होता. पकड घट्ट करायला निघालेला माणूस असं करत नाही. कंपनीचा स्वार्थ यात नव्हता असं मात्र म्हणवत नाही. इंजिनिअर टिकवायचे होते हे मिलर यांनी कधी लपवलं नाही. माझ्या मते हा स्वार्थ लपवलेला नव्हता म्हणूनच व्यवहार निरोगी राहिला.

दुसरा आक्षेप असा की हे सगळं उच्चभ्रूंच्या आवडीचं. शेतकऱ्याला आणि लेथवरच्या कामगाराला सारिनेन आणि पेई या वास्तुरचनाकारांशी काय देणंघेणं? याचं अर्धं उत्तर गावाच्या राजकारणात आहे. बार्थोलोम्यू काउंटी रिपब्लिकन पक्षाला मतं देणारी, कराच्या नावाने कपाळाला आठ्या घालणारी. माजी उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स इथलेच, जन्म 1959चा. अशा ठिकाणी लोकांच्या पैशातून चाललेली कलेची चैन एका निवडणुकीत बंद पडली असती. ती दशकानुदशकं चालली, कारण कराचा बोजा वाढला नव्हता आणि मिळालेली शाळा नेहमीच्या शाळेपेक्षा उजेडाची, हवेशीर होती. उरलेलं अर्धं उत्तर पेई यांच्या 1969च्या ग्रंथालयात. त्यांनी सारिनेनच्या चर्चसमोर, रस्त्यापलीकडे, विटांची बसकी इमारत घातली आणि तिच्यापुढे विटांचंच मोकळं अंगण सोडलं. त्या अंगणात हेन्री मूर यांची सहा मीटर उंच ब्राँझची कमान आहे, मिलर दांपत्याने दिलेली. कमान खालून चालत जाता येईल एवढी मोठी केली आहे, आणि लोक तेच करतात. मूर कोण हे ठाऊक नसलं तरी कमानीखालून जायला काही अडत नाही. ग्रंथालयात पुस्तक बदलायला जाणाऱ्याला वास्तुकलेचं मत असावं लागत नाही. त्याला चांगला उजेड आणि बसायला बरी खुर्ची लागते.

मात्र या आक्षेपातला एक भाग मान्य करायला हवा. योजना सार्वजनिक इमारतींपुरती होती. गावाबाहेरच्या हमरस्त्यावर गेलं की तेच मोठाले पार्किंग, त्याच साखळी दुकानांच्या पाट्या, तीच घरांची एकसारखी आळी. ओहायोत आहोत की मिसूरीत ते ओळखू येणार नाही. माणसं दिवसाचा बराच वेळ जिथे घालवतात, तिथे कोलंबस इतर कुठल्याही गावासारखंच आहे. शिवाय सगळे प्रयोग टिकले असंही नाही. सेझार पेली यांनी 1973 साली बांधलेला ‘कॉमन्स’ हा बंदिस्त चौक, दुकानं, खेळायची जागा आणि मधोमध जाँ तांगेली यांचं खडखडणारं हलतं शिल्प, हे काही वर्षं गावाचं दिवाणखान्यासारखं ठिकाण होतं. पुढे काच गळू लागली, दुकानं उठली, आणि गावाने ती इमारत पाडली. शिल्प जागेवर ठेवून त्याच्या भोवती 2011 साली नवा ‘कॉमन्स’ बांधला. वारसाप्रेमींना हे जिव्हारी लागलं. मला मात्र यात योजनेचं यशच दिसतं. जी वास्तू पाडायचा निर्णय गावाला स्वतः घेता येतो, ती गावाचीच असते. दात्याच्या भिडेपोटी उभी ठेवलेली वास्तू गावाची होत नाही. उलट मेबल मॅकडॉवेल शाळेत मुलं कमी झाल्यावर ती पाडली नाही. छताखालच्या वाटांनी जोडलेल्या तिच्या बैठ्या वर्गांत प्रौढ शिक्षणाचं केंद्र भरू लागलं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. हे सगळं एका कंपनीच्या बळावर चाललं आणि दुसरीकडे त्याची नक्कल होणार नाही. कंपनी गेली तर? ही भीती पुस्तकी नव्हती. 1989 साली ब्रिटनच्या हॅन्सन कंपनीने कमिन्सचे शेअर गोळा करायला सुरुवात केली तेव्हा मिलर कुटुंबाने पदरचे 7 कोटी 20 लाख डॉलर घालून ते परत घेतले. अशी कुटुंबं प्रत्येक गावाच्या वाट्याला येत नाहीत. कंपनी मात्र आजही इथेच आहे, मुख्यालयही गावाच्या मध्यावर आहे, आणि मिलरना हव्या होत्या तशा इंजिनिअरांत आता भारतातून, त्यातही पुण्यातून आलेले बरेच आहेत. कोथरूडहून कुणी सारिनेनचं चर्च बघायला इंडियानात जात नाही, नोकरीसाठी जातात. पण मुलांना कुठल्या शाळेत घालायचं हा प्रश्न त्यांनाही पहिल्या आठवड्यात पडतोच. राहिला नक्कल करण्याचा मुद्दा. कमिन्सएवढी कंपनी दुसऱ्या गावाला मिळणार नाही हे खरं, पण योजनेत लागणारी रक्कम कंपनीच्या आकाराची नव्हतीच. एका शाळेच्या आराखड्याची फी ही गावातले चार व्यापारी किंवा एखादी सहकारी बँकही उचलू शकेल अशी रक्कम आहे. अवघड आहे ते पैसे देऊन झाल्यावर निवडीत ढवळाढवळ न करणं, आणि कोनशिलेवर नाव नसणं.

आजच्या कोलंबसपुढचा पेच मात्र या योजनेनेच ठेवलेला आहे. फी नव्या इमारतीची मिळते, जुनीचं छप्पर दुरुस्त करायला कुणी तशी यादी आणि पाकीट घेऊन येत नाही. फर्स्ट ख्रिश्चन चर्चच्या पन्नास मीटर उंच विटांच्या मनोऱ्याला तडे गेले तेव्हा लँडमार्क कोलंबस या संस्थेने वर्गणी आणि केंद्र सरकारचं अनुदान जमवून तो सावरला. एरो सारिनेनच्या शेवटच्या कामांपैकी एक असलेलं नॉर्थ ख्रिश्चन चर्च 1964चं, त्याच्या मृत्यूनंतर पुरं झालेलं. सहा बाजूंचं, मधून सरळ आकाशात गेलेल्या सुळक्याचं. अमेरिकेत चर्चला जाणारे कमी होत चालले आहेत, त्याला हेही अपवाद नाही. 2022 साली तिथली मंडळी विसर्जित झाली आणि वास्तू काउंटीच्या ग्रंथालयाकडे गेली. तिच्या जतनाचा आराखडा आधीच गेटी फाउंडेशनच्या मदतीने तयार झाला होता. आता राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदलेली, गरम ठेवायला महाग, मधोमध वेदी असलेली एक षट्कोनी वास्तू पेईंच्या इमारतीत बसणाऱ्या ग्रंथपालांच्या हाती आहे. तिथे कोणते कार्यक्रम घ्यायचे, बाक ठेवायचे की हलवायचे, आणि दर हिवाळ्याचं बिल कुठल्या खात्यातून भरायचं, हे ठरवायला ग्रंथालयाच्या विश्वस्तांना पुन्हा तशाच मुलाखती घ्याव्या लागतील, आणि या वेळी फी कोण भरणार हेही त्यांनाच शोधावं लागेल.